बहर्जी बोहरा कोण होते? सुरतेचे वीरजी व्होरा

यंदाच्या शिवजयंतीला मुलांसाठी ठेवलेल्या प्रश्नमंजूषेत एका मुलीने उलट आम्हालाच प्रश्न विचारला. सुरतेवर स्वारी झाली तेव्हा महाराजांनी तीन व्यापाऱ्यांना भेटीस बोलावले होते, त्यांपैकी बहर्जी बोहरा कोण? समोर बसलेल्या आम्हा मोठ्या माणसांपैकी दोघांनी बहिर्जी नाईकांचे नाव घेतले, एकाने बोहरी मुसलमान असेल असे सांगितले आणि बाकीचे गप्प राहिले. तीन-तीन पिढ्या सुरतेत काढलेल्या आपल्यासारख्यांना हे शोभणारे नव्हते. म्हणून हा लेख.

बहर्जी बोहरा म्हणजे वीरजी व्होरा. ते जैन होते, लोंकागच्छाचे अनुयायी. संघाने त्यांना संघपती मानले होते. व्होरा या आडनावाचे नाते गुजरातीतल्या ‘वहोरवुं’ म्हणजे विकत घेणे या क्रियापदाशी सांगतात, आणि या माणसाच्या बाबतीत ते अगदी चपखल बसते. त्यांचा जन्म १५९० च्या सुमाराचा. १६१९ पासून पुढची पन्नास वर्षे सुरतेच्या इंग्रजी वखारीच्या दप्तरात त्यांचे नाव पुनःपुन्हा येते. कधी आदराने, कधी वैतागाने, आणि बहुतेक वेळा पैशांच्या गरजेपोटी. त्यांच्या काळात जगातल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांत त्यांची गणना होई.

आपली कित्येक मुले आता व्यवस्थापन शिकतात. त्यांच्या अभ्यासात ‘कॉम्प्लेक्स सिस्टिम्स’, म्हणजे गुंतागुंतीच्या व्यवस्था, हा विषय असतो. अमेरिकेतल्या सांता फे या गावी १९८४ मध्ये याच अभ्यासासाठी एक संस्था निघाली आणि तिथून तो विचार हळूहळू धंद्याच्या धोरणात आला. सांगायचे तर गोष्ट साधी आहे. बाजारात शेकडो जण असतात, प्रत्येक जण दुसऱ्याची चाल पाहून आपली चाल बदलतो आणि त्यातून जे घडते ते कोणा एकाने ठरवलेले नसते. अशा ठिकाणी एकच सरळ योजना आखून बसणारा फसतो. कोणता धागा ओढला की कुठे सुरकुती पडेल, हे ज्याला कळते तो टिकतो. लूमवर काम केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. वीरजींनी यातला एकही शब्द ऐकलेला नव्हता, पण त्यांच्या धंद्याची रीत पाहिली की हा विचार आठवल्याशिवाय राहत नाही.

१६२५ सालची मिऱ्याची हकिकत पाहा. त्या वर्षी दख्खनचे व्यापारी सुरतेत जे मिरे घेऊन आले, ते सगळे वीरजींनी उचलले. इंग्रजांना जहाज भरायला मिरे हवे होते. वीरजींनी भाव सांगितला, आणि वर अट घातली की इंग्रजांनी आणलेले पोवळे आपण म्हणू त्या भावात द्यावे. इंग्रजांना हे पटेना. मधला माणूस टाळावा आणि माल थेट मुळाशी जाऊन घ्यावा, हा कोणालाही सुचणारा मार्ग त्यांनी धरला आणि आपला माणूस दख्खनमध्ये पाठवला. वीरजींचे गुमास्ते तिथे होतेच. त्यांना निरोप गेला की इंग्रज देईल त्याहून चढा भाव द्या आणि माल घ्या. दख्खनमधले मिरे महाग झाले आणि इंग्रज हात हलवत सुरतेस परतले. शेवटी मिरे वीरजींकडूनच घ्यावे लागले.

नुसत्या वहीखात्याच्या नजरेने पाहिले तर दख्खनमधली ती खरेदी तोट्याचीच म्हणायची, कारण तिथे त्यांनी मुद्दाम जास्त पैसे मोजले. पण तो तोटा एका टोकाचा होता. त्या टोकाला थोडे सोडल्यामुळे सुरतेतला भाव टिकला, पोवळ्याचा सौदा हाती राहिला, आणि पुढच्या वेळी कोणी आडवाटेने जायचे धाडस करू नये ही समज बाजाराला मिळाली. एकेक सौदा सुटा धरून नफा-नुकसान काढणाऱ्याला असा निर्णय घेता येत नाही.

वीरजी कशाचा व्यापार करत, यापेक्षा कशाचा करत नसत हे विचारणे सोपे पडेल. मिरे, लवंग, पोवळे, पारा, हिंगूळ, शिसे, हस्तिदंत, अफू, कापूस, सोने-चांदी. अहमदाबाद, बडोदे, भरूच, आग्रा, बुऱ्हाणपूर, गोवळकोंडा, गोवा, कालिकत इथे त्यांचे गुमास्ते किंवा आडते होते. इराणच्या आखातात, तांबड्या समुद्राच्या बंदरांत आणि पूर्वेला मलाक्क्याकडेही त्यांचा माल जाई. कधी कधी तो इंग्रजांच्याच जहाजातून जाई. कालिकतला त्यांची माणसे अफू आणि कापूस घेऊन जात आणि बदल्यात मिरे आणत. म्हणजे जाताना गुजरात-माळव्याच्या मालाचा उठाव आणि येताना युरोपियनांना हवा तो माल हाती. पैसा मधे कुठे पडून राहत नसे.

त्यात भर सावकारीची. इंग्रज कंपनीकडे जहाजे होती, तोफा होत्या, पण रोकड नसायची. लंडनहून येणारी चांदी वेळेवर येत नसे आणि कापड-नीळ घ्यायला पैसे तर आगाऊ लागत. १६३६ मध्ये वीरजींनी त्यांना दोन लाख रुपये कर्ज दिले, १६४२ मध्ये एक लाख. आग्र्याला पैसा पाठवायचा असला तर हुंडीही त्यांचीच. जो तुमचा माल घेतो, तुम्हाला माल विकतो आणि वर तुमचा सावकारही आहे, त्याच्याशी भांडायचे कसे? इंग्रज आपल्या पत्रांतून चरफडत आणि पुन्हा त्यांच्याच दारी येत. डच तरी कुठे वेगळे होते? त्यांनी आणलेली लवंगही वीरजींनी एकगठ्ठा घेतल्याच्या नोंदी आहेत.

आता या रीतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसते गुणगान होईल. इंग्रजांच्या पत्रांत एक तक्रार वारंवार येते की, वीरजींनी ज्या मालावर नजर ठेवली आहे त्यावर सुरतेतला दुसरा कोणी बोली लावायला धजत नाही. इंग्रज स्वतः काही गरीब गाय नव्हते, तेव्हा त्यांच्याबद्दल कळवळा यायचे कारण नाही. पण तो दुसरा, बोली न लावणारा व्यापारी सुरतेचाच होता. सगळे रस्ते एकाच पेढीवरून जाऊ लागले की त्या पेढीची ताकद वाढते आणि आजूबाजूच्या लहान दुकानांच्या वाटा बुजतात. त्या लहान व्यापाऱ्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही, पण तो होता हे विसरून चालणार नाही.

या पसाऱ्यातला एक रस्ता आपल्या ओळखीचा आहे. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी वाट बारडोलीवरून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी जाई. आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे याच वाटेवर किंवा तिच्या आसपास आहेत. आज भुसावळकडची गाडी धरून आपण लग्नाकार्याला नवापूर-नंदुरबारवरून जातो, तेव्हा वीरजींच्या हुंड्या आणि गाठोडी याच दिशेने जात असत, हे लक्षात येत नाही.

याच वाटेवर १६३० साली भयंकर दृश्य होते. त्या वर्षी गुजरात-खानदेशात पाऊस पडला नाही, पुढच्या वर्षी इतका पडला की पिके वाहून गेली. नोव्हेंबर १६३० मध्ये पीटर मंडी हा इंग्रज सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे निघाला, तेव्हा वाटभर प्रेते पडलेली त्याने पाहिली. नंदुरबारला तर तंबू ठोकायला मोकळी जागा मिळणे कठीण झाले, असे त्याने लिहून ठेवले आहे. माणसे मेली, त्यांत विणकर होते. जे वाचले ते गाव सोडून गेले. धान्य महाग झाले, कापड दुर्मीळ झाले, सुवालीच्या बंदरात जहाजे मालाची वाट पाहत राहिली. कापडच नाही म्हटल्यावर भरायचे काय? एका वर्षाच्या पावसाने लंडनपर्यंतचे हिशेब विस्कटले. वर ज्या मोठ्या कर्जांचा उल्लेख केला ती या दुष्काळानंतरच्याच वर्षांतली आहेत. ज्याच्याकडे रोकड शिल्लक होती त्याचे वजन अशा वेळी आपोआप वाढते. यात वीरजींचे कर्तृत्व किती आणि इतरांचे दुर्दैव किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पैसा आला की सत्तेची नजर पडते. १६३८ मध्ये सुरतेचा सुभेदार हकीम मसीह-उज्जमान याने वीरजींवर आरोपांची मोठी यादी लावून त्यांना कैदेत टाकले. गंमत अशी की त्यामुळे अडचण झाली ती इंग्रजांची. सावकारच तुरुंगात, मग व्यवहार करायचा कोणाशी? प्रकरण शाहजहानपर्यंत गेले. बादशहाने वीरजींना बोलावून घेतले, त्यांचे म्हणणे ऐकले, त्यांना सोडले आणि सुभेदारालाच पदावरून दूर केले. न्यायप्रियता असेल, पण आम्हाला वाटते त्यात हिशेबही होता. सुरतेची जकात ही मोगली खजिन्याची मोठी मिळकत होती आणि हा एक माणूस अडला की तिचा ओघ आटत होता. इतक्या जणांचे काम ज्याच्यावाचून अडते, त्याची सुटका करणारेही तितकेच असतात.

सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान आजारी पडला आणि मुलांची भांडणे सुरू झाली. गुजरातचा सुभा शाहजादा मुरादबक्षकडे होता. त्याने सरदार शाहबाजखानाला फौज देऊन सुरतेवर पाठवले. किल्ला पडला, शहराला खंडणीची मागणी झाली, आणि शेवटी वीरजी व्होरा आणि हाजी मुहम्मद जाहिद बेग या दोघांनी सगळ्या व्यापाऱ्यांच्या वतीने पाच लाख रुपये मुरादला उभे करून दिले. कर्ज म्हणून दिलेला हा पैसा. बोलणी, घासाघीस, रक्कम आणि मोकळीक. सुरतेच्या शेठ मंडळींच्या मनात हा हिशेब पक्का बसला असावा.

याच काळातली एक घरगुती गोष्ट जैन परंपरेत सांगतात. वीरजींच्या कन्येचे, फुलाबाईंचे चिरंजीव लवजी यांनी दीक्षा घेतली आणि पुढे आपल्या गच्छातल्या साधूंचा आचार शिथिल झाला आहे असे म्हणून ते वेगळे झाले. आजोबांना हे रुचले नाही. त्यांनी खंभातच्या अधिकाऱ्याकडे शब्द टाकून नातवाला अडकवले, पण त्या तरुण साधूचे वागणे पाहून तिथल्यांनीच त्याला सोडून दिले. पुढे स्थानकवासी परंपरेच्या उभारणीत लवजी ऋषींचे नाव मोठे झाले. मिऱ्याचा बाजार मुठीत ठेवणाऱ्या माणसाला घरातला एक मुलगा मुठीत ठेवता आला नाही.

मग जानेवारी १६६४ आला. आपल्या बाजूने ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. शाहिस्तेखान तीन वर्षे पुण्यात ठाण मांडून बसला होता, स्वराज्याचा मुलूख उद्ध्वस्त झाला होता. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालावर छापा घालून महाराजांनी त्याला हुसकावले, पण रिकामी झालेली तिजोरी त्याने भरणार नव्हती. मोगलांच्या फौजेशी मैदानात भिडण्यापेक्षा त्या फौजेला पोसणाऱ्या बंदरावर घाव घालावा, हा महाराजांचा विचार. खरे तर व्यवस्थेची नस ओळखण्यात महाराज आणि वीरजी एकाच तोलाचे होते, असे आमचे मत आहे. पाहणी इतकी चोख होती की, दानधर्मासाठी नावाजलेल्या एका मृत डच दलालाच्या घराला हात लावला गेला नाही, अशी नोंद फ्रेंच प्रवासी बर्निये याने केली आहे.

शहराच्या वेशीवर पोचण्याआधी महाराजांचा निरोप आला. सुभेदार इनायतखान आणि हाजी सय्यद बेग, बहर्जी बोहरा, हाजी कासम या तिघा धनिकांनी स्वतः येऊन खंडणी ठरवावी, नाहीतर शहराची जबाबदारी आमच्यावर नाही. कोणी गेले नाही. इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, धनिक मंडळींनीही किल्ल्याचा आसरा घेतला. चौक बाजारात तापीकाठी उभा असलेला हाच तो किल्ला, जिथे आपण पाहुण्यांना फिरवायला नेतो.

मुलीचा प्रश्न खरे तर इथेच येऊन थांबतो. सहा वर्षांपूर्वी बोलणी करून शहर सोडवणारे वीरजी या वेळी का गेले नाहीत? आमचा तर्क असा. मुराद हा त्यांच्या ओळखीच्या व्यवस्थेतला माणूस होता, उद्याचा बादशहा होऊ शकणारा. त्याला दिलेला पैसा परत येण्याची आशा तरी होती. शिवाजी महाराज त्या व्यवस्थेच्या बाहेरून आले होते. पटावर नवीन खेळाडू आला की जुने नियम चालत नाहीत, आणि पन्नास वर्षे पट वाचणाऱ्या वीरजींना हा खेळाडू वाचता आला नाही. शिवाय शत्रूच्या छावणीत गेलो तर पुढे औरंगजेबाला काय तोंड दाखवायचे, ही भीतीही असणार.

मराठी फौज बुधवारी सकाळी शहरात शिरली आणि रविवारी निघून गेली. वीरजींचा वाडा आणि वखारी लुटल्या गेल्या, वाडा जाळला गेला. सोने, मोती, पाचू, माणके यांची वर्णने इंग्रज आणि डचांनी लिहून ठेवली आहेत. इंग्रजांनी प्रेसिडेंट ऑक्झेंडनच्या हाताखाली आपली वखार लढवली आणि तिला लागून असल्यामुळे हाजी सय्यद बेगचे काही सामान वाचले. वीरजींचा शेजार तसा नव्हता. आगीत मेलेली, हातपाय तुटलेली माणसे होती, तीही याच शहराची. महाराजांचा जयजयकार करताना आपल्यासारख्या सुरतकरांनी हेही मुलांना सांगावे असे आम्हाला वाटते. त्याने महाराज लहान होत नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले, हेही सांगावे.

इतके होऊन वीरजी बुडाले का? नाही. वाड्यात होते ते गेले, पण त्यांची संपत्ती वाड्यात मावणारी नव्हती. थोडी बुऱ्हाणपुरात, थोडी आग्र्यात, थोडी कालिकतच्या गोदामात, थोडी समुद्रावर, आणि बरीचशी लोकांकडून येणे असलेल्या रकमांत. येणे लुटून नेता येत नाही. ऑगस्ट २००६ चा पूर आठवा. उकाईचे पाणी शहरात शिरले तेव्हा ज्यांचा सगळा माल तळमजल्याच्या एकाच गोदामात होता ते बसले. ज्यांचे थोडे ताके डाईंगला, थोडे भरतकामाला आणि थोडे बाहेरगावच्या आडत्याकडे होते त्यांनी दिवाळीपर्यंत दुकान पुन्हा उघडले. थेवनो नावाचा फ्रेंच प्रवासी १६६६ मध्ये, म्हणजे लुटीनंतर दोन वर्षांनी सुरतेत होता, आणि तेव्हाही त्याने वीरजींची संपत्ती ऐंशी लाखांची सांगितली आहे.

औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांना एका वर्षाची जकात माफ केली आणि मातीच्या कोटाच्या जागी विटांचा कोट घालायला सांगितले. पेढी सावरली, पण शहराबद्दलची खात्री सावरली नाही. वीरजींनी आपला धंदा दहा ठिकाणी पसरून सुरक्षित केला होता खरा, पण तो सगळा ज्या बंदरातून वाहत होता ते बंदर एकच होते, आणि त्याचे रक्षण त्यांच्या हाती नव्हते. कदाचित त्यांच्या धोरणातली हीच एक न झाकलेली फट.

सप्टेंबर १६६९ मध्ये काझीच्या जाचाला, बळजबरीच्या धर्मांतराला कंटाळून सुरतेचे आठ हजार वाणी महाजन एकदम शहर सोडून भरूचला निघून गेले. सुरतेचा बाजार ओस पडला. बादशहाकडून आश्वासन आल्यावरच ते परतले. त्या वेळी पुढाकार होता भीमजी पारेख यांचा. वीरजींचे नाव त्या हकिकतीत कुठे दिसत नाही. धंदा तोवर नातू नानचंद यांच्याकडे आला होता. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले, आणि त्या सुमारास वीरजींचे नाव दप्तरातून विरून जाते. इंग्रजांना १६६८ मध्ये मुंबई बेट मिळाले होतेच. हळूहळू त्यांचा ओढा तिकडे वळला आणि १६८७ मध्ये त्यांनी आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले.